रूपरावने मोजलेली फळगळ

विज्ञानाचं मी आयुष्यात एकदाच नुकसान केलं, तेही तीन संत्र्यांचं. तीनच. आकडा मुद्दाम सांगून ठेवतो, कारण ज्या माणसाबद्दल मी लिहायला बसलोय त्याच्यासमोर आकडा चुकला तर माझी धडगत नाही.

झालं असं, की सप्टेंबरातल्या एका सकाळी मी तळेगावच्या बाहेर फिरायला निघालो होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्यात, चालणं वाढवा आणि मीठ कमी करा. चालणं मी घरच्यांसमोर वाढवतो आणि मीठ घराबाहेर खातो. त्यासाठी सदऱ्याच्या खिशात मिठाची पुडी असते. त्या दिवशी हेमराजभाऊंच्या संत्र्याच्या बागेचं फाटक उघडं होतं. आत झाडांखाली संत्री पडली होती. आंबिया बहार होता, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुललेला. फळ तयार व्हायला अजून महिना-दीड महिना होता, पण काही फळं आधीच देठ सोडतात. आमच्याकडे याला फळगळ म्हणतात आणि ती सुरू झाली की बागवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. माझ्या तोंडाला मात्र सुटलं. एका झाडाखाली बसलो, संत्री सोलली, मीठ लावलं, खाल्ली. साली कुंपणात टाकल्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालत घरी आलो.

तासाभरात रूपराव दारात. एका हातात वही, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या साली.

"मास्तर, सकाळी सात नंबरच्या झाडाखाली तुमी बसले होते."

"कोण म्हणतं?"

"सालीले मीठ हाये. साऱ्या गावात संत्र्याले मीठ लावून खाणारा मानूस एकच."

पुढे नाकारण्यासारखं काही राहिलं नाही. "अहो, खाली पडलेली होती," मी म्हणालो, "झाडावरची तोडली नाहीत."

"खाली पडलेलीच तं मोजाची होती!" रूपराव एवढ्या जोरात ओरडला की आतून आमची बायको बाहेर आली. "किती खाल्ली?"

"तीन."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग वहीत काहीतरी लिहिलं. मी मान लांब केली तशी वही मिटली.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी संत्री नाई खाल्ली. हर्षाताईचे आकडे खाल्ले." आणि सालीची पिशवी घेऊनच गेला.

हा रूपराव कोण, ते आता सांगायला हवं.

आमच्या भागात बाग झाडावर असतानाच विकली जाते. व्यापारी येतो, झाडं पाहतो आणि फळांचा अंदाज बांधतो. शेतकरी म्हणतो झाडाला हजार फळं आहेत, व्यापारी म्हणतो सहाशे. मग दोघांच्या मध्ये कोणीतरी असा लागतो, ज्याचा आकडा दोघंही मानतील. तीस-पस्तीस वर्षं तो माणूस म्हणजे रूपराव. सातवीपर्यंत शिकलेला, हेमराजभाऊंच्या बागेत कामाला, पण रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाहून त्याला मोजणीचं बोलावणं असतं. झाडाभोवती उलटसुलट दोन फेऱ्या मारतो, बोटं ओठांशी नेतो आणि आकडा सांगतो. तोडणीनंतर कोणी पडताळून पाहिलं तर दहा-पंधरा फळांचा फरक. मोतीलालशेठसारखा व्यापारी, जो स्वतःच्या सावलीला उधार देणार नाही, तोही म्हणतो, "रूपराव बोल्या तो हो गया."

याचं कारण म्हणजे रूपरावचा कोणावरच विश्वास नाही, स्वतःवर तर मुळीच नाही. काडेपेटी आणली की काड्या मोजतो. पेपरात काल तळेगावात अमुक मिलिमीटर पाऊस झाला असं छापून आलं की छतावरच्या डब्यात पट्टी बुडवून बघतो, आणि मग दिवसभर पेपरवाल्यांबद्दल जे बोलतो ते पेपरात छापता येण्यासारखं नसतं. दवाखान्यात बीपी एकदा मोजून घेऊन उठलेला मी त्याला पाहिलेला नाही. त्याची बायको शकुबाई सांगते, "मले पाहाले हे दोनदा आले होते. दुसऱ्या खेपेले म्हणे, तेच लुगडं नेसा, तेवढ्याच टायमाले चहा आना. माह्या बापाले वाटलं, पोरगं वेडं हाये."

"मंग?" रूपराव म्हणतो. "एकदा पाह्यलं ते खरं कायच्यावरून?"

अशा माणसाच्या मोजणीवर बारा वर्षांपूर्वी एक शास्त्रीय लेख उभा राहिला होता.

तेव्हा एका कृषी महाविद्यालयातले एक मोठे सर हेमराजभाऊंच्या बागेत प्रयोग करायला येत. फळगळ थांबवणारी एक फवारणी त्यांनी शोधली होती. रस्त्याकडेच्या बारा झाडांच्या ओळीवर फवारा मारला, मागची बारा झाडं तशीच कोरी ठेवली. रस्त्यावर प्रयोगाची पाटी लागली. दर गुरुवारी सर एसटीने यायचे; रूपराव त्यांना स्टँडवरून सायकलवर डबलसीट आणायचा. मग सर खुर्चीवर बसत, रूपराव झाडाझाडाखाली फिरून आठवड्यात गळलेली फळं मोजे, सर लिहून घेत. मोजलेली फळं उचलून टाकली की पुढच्या गुरुवारपर्यंत झाडाखाली कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. हंगाम संपला तेव्हा हिशेब निघाला, फवारलेल्या ओळीत फळगळ चाळीस टक्के कमी. सरांचा लेख इंग्रजी नियतकालिकात छापून आला, आणि मी "तळेगावच्या मातीत फळगळीवर मात" अशा मथळ्याचा लेख जिल्ह्याच्या पेपरात लिहिला. सोबत फोटो होता: सर खुर्चीवर, रूपराव उकिडवा, बोट एका संत्र्याकडे. ते कात्रण काच लावून त्याच्या घरात देवांच्या शेजारी टांगलेलं आहे. एवढ्या संशयी माणसाने आयुष्यात छापलेल्या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, कारण ती त्याने स्वतः मोजली होती.

आणि गेल्या वर्षी हर्षा आली.

हर्षा अल्लीपूरची, शेतकऱ्याची मुलगी, त्याच महाविद्यालयात डॉक्टरेट करणारी. तिचं काम असं, की मोठ्या सरांचा तो प्रयोग पुन्हा करायचा आणि तेवढाच गुण येतो का पाहायचं. आला की मग तो का येतो ते शोधायचं. पहिला भाग ती चार महिन्यांत उरकणार होती. "छापून आलंय काका, म्हणजे येणारच," ती रूपरावला म्हणाली होती.

तिची पद्धत नवी होती. फवारायची झाडं एका ओळीत नकोत म्हणून तिने चिठ्ठ्या टाकल्या आणि सगळ्या बागेत इकडेतिकडे झाडं निघाली. कोणत्या झाडाला औषध आणि कोणत्या झाडाला नुसतं पाणी, हे रूपरावलाही सांगितलं नाही. रूपरावला हे फार आवडलं. आपल्यावर अविश्वास दाखवणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

हंगाम संपला. फरक शून्य. औषधाची झाडं आणि पाण्याची झाडं सारखीच गळली.

मग संशयाचा कारखाना सुरू झाला. हर्षाने औषध पुन्हा मागवलं, पंपाचं तोंड बदललं, विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. रूपरावने वानरांवर संशय घेतला, मग शेजारच्या बागवाल्यावर, मग चक्क हेमराजभाऊंवर. झाडांच्या बुंध्यांना दोरे बांधून कोणी आत येतं का तेही पाहून झालं. मला या सगळ्याचं फारसं नवल वाटलं नाही. आमच्या बायकोने शेजारणीकडून सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर भरलेली वडी, शिकून वीस वर्षं झाली. साहित्य तेच, कढई तीच, पण शेजारणीसारखी वडी एकदाही झालेली नाही. बायकोचं मत, शेजारणीने एक जिन्नस लपवला. शेजारणीचं मत, हाताला गुण नाही. दोघी एकमेकींकडे हसून बघतात आणि संशय वीस वर्षं तसाच मुरतोय. शास्त्रज्ञांचंही असंच चालतं हे मात्र मला हर्षाकडून कळलं. "पुष्कळ ठिकाणी होतं सर," ती म्हणाली. "एकानं छापलेलं दुसऱ्याला जमत नाही. पण 'मला जमलं नाही' असं छापायला कोणी उत्सुक नसतं. त्यामुळे जो तो समजतो, आपलंच काहीतरी चुकलं."

यंदा पुन्हा ऑगस्टपासून तोच प्रयोग सुरू झाला. पुन्हा फरक शून्य. माझी ती तीन संत्री याच दुसऱ्या खेपेतली, म्हणजे आधीच कातावलेल्या रूपरावच्या हाती मी आयता सापडलो होतो. (त्या दिवशी सदरा धुवायला टाकताना बायकोने खिशात हात घालून मला काय विचारलं, ते इथे सांगण्याचं कारण नाही.)

आणि मग एक दिवस हर्षाचा चेहरा उतरलेला. रूपरावने विचारलं तर सांगेना. शकुबाईने चहा पाजला तेव्हा बोलली. तिचे हल्लीचे मार्गदर्शक त्या मोठ्या सरांचे विद्यार्थी. त्यांनी सगळे आकडे पाहिले आणि म्हणाले, "तेव्हा फळं मोजणारा माणूस कोण होता? सर स्वतः तर मोजत नव्हते. त्यानं घरी बसून आकडे भरले असतील. गावात असं होतंच."

मीही तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. शकुबाईची बकरी खुंटाभोवती फिरत होती.

"म्या घरी बसून आकडे भरले?" रूपराव हळूच म्हणाला. मोठ्याने ओरडणारा रूपराव मी पुष्कळदा पाहिला होता; हळू बोलणारा पहिल्यांदाच पाहिला.

"मी नाही म्हणत काका. ते म्हणाले."

"ते म्हनते म्हंजे उद्या मोतीलालशेठ म्हनन. परवा सारं गाव म्हनन." त्याचं खरं होतं. मोजणीसाठी बोलावणाऱ्यांकडे रूपरावची दुसरी काही ओळखच नव्हती. डिग्री नाही, शिक्का नाही, वजनकाटा नाही. फक्त 'रूपराव बोल्या तो हो गया'. ते एकदा गेलं की झाडाखाली फेऱ्या मारणारा म्हातारा उरला असता.

तो उठला, आतून कात्रणाची चौकट काढून आणली आणि हर्षापुढे ठेवली. "ताई, तुमी चिठ्ठ्या टाकल्या, झाडं बदलली. आता जसंच्या तसं करू. तीच ओळ, तीच पाटी, तीच खुर्ची. तोच गुरवार. सरांच्या जागी तुमाले सायकलवर आनतो."

"माझी स्कूटी आहे काका."

"स्कूटी नाई. तवा सायकल होती."

मला वाटलं हा अतिरेक आहे. पण हर्षाला पटलं. म्हणाली, "बरोबर आहे. काय बदललं ते कळत नसेल तर काहीच बदलायचं नाही." बारा झाडांवर पुन्हा फवारा झाला, मागची बारा कोरी राहिली. रस्त्यावर हेमराजभाऊंनी नवी पाटी लावली, जुन्याहून मोठी. खुर्ची मात्र जुनी मोडली होती. रूपराव आमच्या घरून माझी घेऊन गेला.

पहिला गुरुवार. हर्षा सायकलवर मागे बसून आली, रूपरावने मोजलं, तिने लिहिलं. फवारलेली ओळ, चौसष्ट फळं. कोरी ओळ, एकशे बारा.

हर्षाने वहीकडे पाहिलं, मग बेरीज पुन्हा केली, मग शकुबाईचे दोन्ही हात धरून गरगर फिरली. चाळीस टक्क्यांच्या आसपास! दुसऱ्या गुरुवारी एकसष्ट आणि एकशे सात. पुन्हा तेच. तिने तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. मी पेपरासाठी नवा मथळा मनात जुळवायला घेतला. हेमराजभाऊंनी पेढे मागवले.

रूपरावने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"मास्तर," परत येताना तो मला म्हणाला, "दोन वर्सं जे औषध झोपून होतं, ते पाटी पाह्यल्यावरच काऊन जागं झालं?"

"अहो, तुमचं नाव साफ झालं. तुम्हीच तेव्हा बरोबर मोजलं होतं, सिद्ध झालं. आता कशाला संशय?"

"म्या आज पानं मोजली."

"काय?"

"झाडाखालची वाळकी पानं. दोनी ओळीतली." त्याने वही काढली. खरोखरच मोजली होती; एकेका झाडाचे आकडे होते. "फवारलेल्या ओळीत पानंबी चाळीस टक्के कमी. औषध फळाचं हाये ना? मंग पानाले कायले लागलं? आन् जे पान हाये ते ताजं गळलेलं. चार दिवसांचं. त्याच्याआधीच्या तीन दिवसांची पानं कुठी गेली?"

मी बोटांवर हिशेब केला. गुरुवारी मोजणी झाली की फळांबरोबर पानंही उचलून झाडाखालचं साफ. तिथून पुढे सात दिवसांची पानं पडायला हवीत. चारच दिवसांची आहेत. म्हणजे गुरुवार ते रविवार जे पडलं ते कोणीतरी नेलं.

"रविवारी कोनतरी येते," रूपराव म्हणाला. "आन् रविवारी मी मोजणीले बाहेरगावी असतो, हे त्याले ठाऊक हाये."

"माझ्याकडे पाहू नका. मी तीनच खाल्ली होती."

"तुमाले संगं नेतो. म्हंजे तुमी माह्या नजरेखाली राहसान."

पुढच्या रविवारी सकाळी रूपराव घरून नेहमीसारखा पिशवी घेऊन निघाला. शकुबाईला म्हणाला, कारंज्याकडे मोजणी आहे, दुपार होईल. आणि गावाबाहेर वळसा घालून आम्ही दोघं बागेशेजारच्या तुरीत शिरलो. तूर छातीएवढी होती. वाकून बसलं की माणूस दिसत नाही. माझं वय एकोणसत्तर. या वयात मी तुरीत लपून बसलोय, हे आमच्या मुलाला कळलं असतं तर तो पुण्याहून मला न्यायला आला असता.

"कोन अशीन?" मी हळूच विचारलं. तुरीत बसल्यावर माझी भाषाही रूपरावसारखी झाली होती.

"हेमराज. फवारनी चालली असं दाखवून बाग जास्ती भावानं विकाची हाये त्याले."

"अहो, मालक आहे तो तुमचा."

"म्हनूनच म्हनतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "नाई तं हर्षाताई."

"हर्षा?"

"तिची डिग्री अडून राह्यली ना. मले वाटते म्हनून नाई. पन मोजणारानं कोनाले वगळू नये."

तेवढ्यात फाटक वाजलं. रूपरावने माझा दंड धरला. आत एक बाई आली. डोक्यावर घमेलं, हातात खराटा. मागे दावं ओढत बकरी. तिने पाटीजवळ घमेलं ठेवलं, पदर खोचला आणि पहिल्या झाडाखालून झाडायला सुरुवात केली. पानं एका बाजूला, संत्री घमेल्यात. काम असं सफाईदार की पाहत राहावं. पहिलं झाड, दुसरं झाड, तिसरं. माझी खुर्ची उचलून पुसली, परत ठेवली. पाटीसमोर पाणी शिंपडलं, आणि रांगोळीचे चार ठिपकेसुद्धा टाकले.

रूपरावची पकड सैल झाली. तो उभाच राहिला, तुरीतून छातीपर्यंत वर.

"शकू!"

शकुबाई दचकली, पण पळाली नाही. उलट खराटा कमरेला लावून म्हणाली, "आवो, तुमी कारंज्याले गेलते ना? आन् मास्तर, तुमी तुरीत काय करून राह्यले?"

मी सदऱ्यावरची तुरीची पानं झटकायला लागलो.

"तू हे झाडतं काऊन?" रूपराव म्हणाला.

"काऊन म्हंजे? रविवारी चार गावचे लोकं बाग पाहाले येते. रस्त्यावर पाटी ठोकून ठेवली तुमी. पाटीमागं कचरा ठेवू का? लोकं म्हनतीन, रूपरावच्या बायकोले झाडता येत नाई."

"आन् मांगची ओळ?"

"मांगं कोन पाहुना जाते?"

"बारा वर्साआधीबी झाडत होती?"

"तवा तं जास्तच लोकं येत. दर रविवारी झाडत होती."

"मोठ्या सरांनी सांगतलं होतं ना, झाडाखाली हात लावाचा नाई म्हनून?"

"ते तुमाले सांगतलं. मले कोनं सांगतलं?"

"मंग तू मले सांगतलं काऊन नाई?"

शकुबाईने घमेलं खाली ठेवलं. "कोनं इचारलं का? पेपरात सरांचा फोटो आला, तुमचा आला, मास्तरनं लेख लिवला. तुमी म्हनत होते, वा, काय सोच्छ बाग दिसते फोटोत. ते सोच्छ कोनं केलं, हे इचारलं का कोनं?"

ती घमेल्यातलं एक संत्रं बकरीपुढे टाकत होती. बकरीने ते दोन घासांत संपवलं. माझ्या डोळ्यांसमोर बारा वर्षांपूर्वीच्या सरांच्या इंग्रजी लेखातली आकृती आली, उंच खांब आणि बुटका खांब. त्या दोन खांबांमधला फरक तेव्हाच्या बकरीने खाल्ला होता. माझ्या तीन संत्र्यांबद्दल मला एकदम हलकं वाटायला लागलं.

गेल्या दोन वर्षांत फरक का आला नव्हता, तेही आता स्वच्छ होतं. चिठ्ठीची झाडं बागभर विखुरलेली, पाटी नाही, बघे नाहीत. शकुबाईला झाडायचं कारणच नव्हतं. पाटी लागली आणि खराटा बाहेर आला.

रूपरावने बकरीला मागे ओढलं, घमेलं आपल्याकडे घेतलं आणि मोजायला बसला. उरलेल्या झाडांखालचंही वेचून आणलं. बकरीचं एक धरून अठ्ठेचाळीस.

"मागच्या दोन गुरवारी फरक किती होता?" त्याने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "अठ्ठेचाळीस आन् शेहेचाळीस." मग तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. "औषध काहीच करत नाई, मास्तर."

आता जे मी केलं ते लिहायला लाज वाटते, पण रूपरावबद्दल लिहायचं तर लिहायलाच हवं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "रूपराव, हे आपण तिघांनीच पाहिलंय. बकरी बोलणार नाही. हर्षाचा आकडा जुळलाय, तिचे सर खूश आहेत, तुम्ही घरी बसून आकडे भरले नाहीत हे सिद्ध झालंय. शकुबाईंना झाडू द्या. दोन-तीन गुरुवार उरलेत. कोणाला कळणार आहे?"

रूपरावने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशातली मिठाची पुडी दाबून धरली.

"पुढच्या मानसाले कळन ना," तो म्हणाला. "तो करून पाहीन आन् त्याले येनार नाई. मंग तोबी दोन वर्सं वानरं पकडत बसन."

त्याच दुपारी त्याने हर्षाला फोन करून बोलावलं. ती स्कूटीवर आली. सायकलची गरज संपली होती. रूपरावने सगळं सांगितलं, शकुबाईला पुढे करून, एकही शब्द न गाळता. तुरीत मी होतो हेसुद्धा गाळलं नाही. हर्षा मटकन माझ्या खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओढणीने पुसलं, आणि मग बॅगेतून वही काढून शकुबाईकडे वळली.

"मावशी, किती वाजता झाडायच्या? सगळ्या बारा झाडांखाली? एखादा रविवार चुकला का?"

शकुबाईने आठवून आठवून सांगितलं. बहिणीच्या मुलीचं लग्न नाचणगावला होतं, तो एक रविवार तिने झाडलं नव्हतं. हर्षाने फोनमधून सरांचे जुने आकडे काढले. त्या रविवारनंतरच्या गुरुवारी फवारलेली ओळ आणि कोरी ओळ सारखीच होती. सरांनी लेखात ते 'हवामानामुळे' असं लिहिलं होतं.

"बारा वर्सं शकूची गैरहजेरी हवामानात धरली," रूपराव म्हणाला. त्याच्या तोंडावर मला महिनाभरात पहिल्यांदा हसू दिसलं. कारण यात त्याचं सगळं आलं होतं: त्याने जे होतं तेच मोजलं होतं, लग्नाच्या आठवड्यातसुद्धा.

पुढे काय झालं, म्हणाल, तर अजून काही झालेलं नाही. हर्षाने सगळं लिहून मार्गदर्शकांना दिलं, शकुबाईच्या नावासकट. ते म्हणाले, "बघू." मोठे सर परदेशात मुलाकडे आहेत, त्यांना पत्र गेलंय, उत्तर नाही. हर्षाची डिग्री एक वर्ष लांबली. ती रागावली आहे, पण कोणावर रागवावं हे तिला कळत नाही. मग येऊन शकुबाईच्या हातचा चहा पिऊन जाते. मोतीलालशेठने मागच्या रविवारी रूपरावला मोजणीला नेलं. गाडीत बसताना म्हणे विचारलं, "भाभीजी झाडू लेके तो नहीं आ रही?" रूपरावला ते आवडलं नाही, पण गेला.

कात्रण अजून देवांशेजारीच आहे. काचेवर मात्र वहीच्या कागदाची एक चिठ्ठी चिकटवलीय, रूपरावच्या अक्षरात: 'यात शकूने झाडलेली फळं धरलेली नाहीत.'

परवा मी हा लेख घेऊन त्याच्याकडे गेलो. मागच्या लेखासारखं व्हायला नको म्हणून छापायला देण्याआधी अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता, बोटं ओठांशी चालू होती. शकुबाई दारात तांदूळ निवडत होती. ती मधे दोनदा हसली. तो एकदाही हसला नाही. वाचून झाल्यावर मी कागद घडी केले आणि म्हणालो, "रूपराव, जसं झालं तसंच लिहिलंय, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आता तरी छापलेल्यावर विश्वास ठेवाल?"

त्याने कोनाड्यातली वही काढली, पान उलटलं आणि म्हणाला, "संत्री तीन नाई मास्तर, चार होती, एक खिशात होतं."